दोनशे तासांनंतर

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची उड्डाणं एकामागून एक रद्द होत होती. ५ तारखेला तर एकाच दिवसात हजाराहून जास्त. टीव्हीवर विमानतळांवरचे बॅगांचे ढीग, रडकुंडीला आलेली माणसं आणि निवेदकांची आरडाओरड. कारण सांगितलं जात होतं ते असं : १ नोव्हेंबरपासून वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आधीच गेली होती, आता रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. एवढे वैमानिक कंपनीकडे नव्हते. ही बातमी आमच्या घरी चालू होती तेव्हा सोफ्यावर एक परवानाधारक वैमानिक मटार सोलत बसली होती. माझी भाची.

तिचा मामा, म्हणजे माझा थोरला भाऊ, एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाला. तिच्या कर्जाला आईवडिलांचा फ्लॅट तारण आहे आणि मामा जामीनदार आहे, त्यामुळे त्याचं बोलणं फुकटच्या सल्ल्यात मोडत नाही. त्या संध्याकाळी दोघांचं जुंपलं ते पुढे जेवताना, फोनवर, एकदा तर चुलतभावाच्या लग्नाच्या पंगतीतही चालू राहिलं. मी ते सलग करून लिहिते आहे.

मामा : मला एवढंच सांग, देशात पायलट कमी पडलेत आणि आपली पायलट घरात मटार सोलतेय. दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

भाची : कमी पडलेत ते कॅप्टन, मामा. अनुभवी फर्स्ट ऑफिसर फार तर. मी उद्या सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले तरी यातलं एकही विमान सुटणार नाही.

मामा : परवाना आहे ना तुझ्याकडे?

भाची : आहे. पण एअरबस ए-३२० उडवायला त्या विमानाचं वेगळं टाइप रेटिंग लागतं. ते सिम्युलेटरवर झालं की रिकामं विमान घेऊन खरीखुरी टेक-ऑफ आणि लँडिंग. मग प्रवासी भरलेल्या विमानात काही महिने ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी. त्याने ‘रिलीज’ केलं की मग कुठे साध्या कॅप्टनबरोबर उडता येतं. आता हे ट्रेनिंग कॅप्टन म्हणजे कोण? कंपनीतले सगळ्यात मुरलेले. माणसं कमी पडली की त्यांनाच रोजच्या फ्लाइटला जुंपतात. मग आम्हाला शिकवणार कोण?

मामा : म्हणजे टंचाई जितकी मोठी, तितकी तुमची भरती लांबणार?

भाची : काही काळ तरी, हो.

मामा गप्प झाला. खरं तर सगळ्या वादाची किल्ली इथेच आहे. ‘भारताला हजारो वैमानिकांची गरज’ असं फ्लाइंग स्कूलच्या माहितीपत्रकावर छापलेलं असतं आणि ते खोटं नसतं. फक्त ती गरज डावीकडच्या सीटची असते, म्हणजे कॅप्टनची. तिथे बसायला एटीपीएल, म्हणजे एअरलाइन वैमानिकाचा वरचा परवाना, लागतं आणि एटीपीएलला १,५०० तास. माहितीपत्रक वाचणारा मुलगा २०० तास घेऊन बाहेर पडणार असतो.

मामा : बरं, ते २०० तास म्हणजे नक्की काय? ६० लाखांच्या घरात खर्च झालाय. आम्ही काय विकत घेतलं ते तरी कळू दे.

भाची : २०० पैकी १०० तास एकटीच्या जबाबदारीवर. त्यात २० तास क्रॉस कंट्री, आणि एक उड्डाण एकूण ३०० नॉटिकल मैलांचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. १० तास नुसत्या उपकरणांवर, बाहेर न बघता. रात्रीचे ५ तास, त्यात १० टेक-ऑफ, १० लँडिंग. शिवाय विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएचे पेपर : नेव्हिगेशन, हवामान, नियम, टेक्निकल. प्रत्येकाला ७० टक्के. रेडिओची परीक्षा निराळी, मेडिकल निराळं.

मामा : हा झाला हिशेब. मी विचारतोय, शिकलीस काय?

भाचीने मटारचं ताट बाजूला ठेवलं. पुढचं ती ज्या तऱ्हेने बोलली त्यावरून मला पहिल्यांदा वाटलं की ही पोरगी उगाच हट्टाला पेटलेली नाही.

भाची : पहाटे पाचला धावपट्टीवर जायचं. विमानाभोवती फेरी मारायची, पंखाखालच्या व्हॉल्व्हला एक पारदर्शक कप लावून थोडं इंधन काढायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. आमचं अवगॅस निळसर असतं, मुद्दाम रंग घातलेला. पाणी शिरलं असेल तर तळाशी बिनरंगाचा थेंब दिसतो. मग परत काढायचं, परत बघायचं, थेंब जाईपर्यंत. पहिल्या महिन्यात मी हे उरकायची. एकदा इन्स्ट्रक्टरने कप हातातून घेतला आणि विचारलं, हा थेंब इंजिनात पोचेपर्यंत तू किती फुटांवर असशील? त्यानंतर मी कधी घाई केली नाही. आणि विदर्भातला मे महिना, मामा! दुपारी हवा इतकी विरळ होते की तेच विमान उचलायला केवढी तरी जास्त धावपट्टी खातं. तक्त्यावर हे वाचणं वेगळं, आणि समोरची झाडं जवळ येताना बघणं वेगळं. पंचेचाळीस डिग्रीत केबिनमध्ये बसून डोकं थंड ठेवायचं, हे शिकले.

मामा : हे तुझं मला पटलं. पण दीड वर्षाचा कोर्स तीन वर्षांवर का गेला?

भाची : एक विमान सुट्या भागासाठी हँगरमध्ये पडून. दुसऱ्यावर चाळीस जणांची रांग. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ढग. दोन इन्स्ट्रक्टर मधेच एअरलाइनमध्ये गेले. महिन्याला कधी २० तास, कधी ३. हॉस्टेलचं भाडं मात्र दर महिन्याला.

त्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही, कारण हे एकट्या तिचं दुखणं नाही. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून फ्लाइंग स्कूलांची प्रतवारी जाहीर करायला सुरुवात केली. विमानं किती, विद्यार्थी किती, अपघात किती, तास पूर्ण व्हायला वेळ किती, असं सगळं बघून. पहिल्या यादीत वरच्या श्रेणीत देशातली एकही संस्था बसली नाही.

मामा : आता माझं ऐक. मी तीस-पस्तीस वर्षं कर्जाच्या फायली वाचल्या. छोटा कारखानदार यायचा, म्हणायचा, साहेब, मशीनला एवढे लाख. मी विचारायचो, आणि खेळतं भांडवल? कच्चा माल, पगार, पहिलं बिल वसूल होईपर्यंतचे सहा महिने? तो डोकं खाजवायचा. आपण अगदी तेच केलंय. मशीन घेतलं, खेळत्या भांडवलाचा रकाना कोरा. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज म्हणजे तारण आलंच, ते फ्लॅटचं दिलं. सवलतीचा काळ म्हणजे कोर्स अधिक एक वर्ष. तोवर व्याज चढतच राहतं. ६० लाख, साडेदहा टक्के, पंधरा वर्षं : हप्ता ६६ हजारांच्या वर. हे तुझ्या पहिल्या पगाराच्या तारखेवर अवलंबून नाही. ते सुरू होणार म्हणजे होणार.

भाची : मला माहितीय, मामा.

मामा : माहितीय, पण टाइप रेटिंगसाठी आणखी १५-२० लाख हवेत म्हणतेस.

भाची : कारण बऱ्याच जाहिरातींत ते आधीच मागतात. रेटिंग असलेला फ्रेशर कंपनीला स्वस्तात पडतो.

मामा : कुठल्या विमानाचं करणार?

भाची : ए-३२०. देशात सगळ्यात जास्त तीच आहेत.

मामा : आणि भरती निघाली एटीआरची? किंवा ७३७ ची? बोईंगवाल्यांना एअरबसचं रेटिंग चालतं का?

भाची : नाही.

मामा : आणि रेटिंग करून वर्षभर बसलीस तर?

भाची : शिळं होतं. पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा पैसे.

मामा : मग हे काय झालं? गेलेल्या पैशाच्या शोधात आणखी पैसा पाठवायचा?

भाची : आणि नाही पाठवला तर गेलेला पैसा गेलाच! तू बँकेत होतास. अर्धा पूल बांधून झाल्यावर तू कर्ज थांबवायचास का?

मामा : कधी कधी थांबवायचो.

इथे दोघंही हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझं मत सांगून टाकते. टाइप रेटिंगच्या बाबतीत मी मामाच्या बाजूची आहे. भरतीची जाहिरात समोर नसताना, कर्जाने, अंदाजाने एका विमानावर १५-२० लाख लावणं हा जुगार आहे. ज्यांच्या घरी तेवढे रोख पडून आहेत त्यांनी खुशाल खेळावा. फ्लॅट आधीच तारण असलेल्यांनी नाही.

भाची : पण थांबायलाही पैसे पडतात, हे कुणी लक्षात घेत नाही. परवाना १० वर्षांचा आहे, २०२३ पासून. आधी ५ वर्षांचा होता. पण नुसता परवाना काय कामाचा? मेडिकल दर वर्षी. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची चाचणी दर वर्षी, आणि ती मल्टी-इंजिनवर, तासाचा दर ऐकशील तर जेवण जाणार नाही. नोकरी नसलेल्या वैमानिकाला वैमानिक राहण्यासाठीच लाखभर लागतात.

मामा : म्हणून म्हणतो, तात्पुरतं दुसरं काही बघ. बँकेच्या परीक्षा दे.

भाची : आमच्या बॅचमधली एकजण विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये लागलीय. एक पुण्यात क्लासमध्ये नेव्हिगेशन शिकवतो. त्यांना मी नावं ठेवत नाही. पण तू ज्याला तात्पुरतं म्हणतोस ना, तिथे रोजचे नऊ तास जातात आणि अभ्यास रात्री अकराला सुरू होतो. भरतीत काय असतं माहितीय? आधी लेखी, मग सायकोमेट्रिक : एका हाताने जॉयस्टिक, त्याच वेळी कानात आकडे, त्याच वेळी पडद्यावर गणितं. मग गटचर्चा, मुलाखत, सिम्युलेटर. एकदा नापास झालं की बराच काळ परत बसू देत नाहीत. माझं एकदा झालंय.

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. कुठल्या कंपनीत, ते तिने सांगितलं नाही आणि मामाने विचारलं नाही. तिच्या लग्नाचं तुणतुणंही त्याने एकदाही वाजवलं नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. बाकीचे नातेवाईक भेटल्या भेटल्या तिथेच येतात. भारतात वैमानिकांमध्ये बायकांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे आणि जगाच्या सरासरीच्या तिप्पट आहे, ही माहिती त्यांना सांगून काही उपयोग होत नाही.

मामा : तुझे दिवस येणार कशावरून?

भाची : ऑर्डरी बघ. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची घोषणा केली. त्याच जूनमध्ये इंडिगोने एका फटक्यात ५००. ती कुणीतरी उडवणारच ना?

मामा : आज मागवलेलं विमान उद्या दारात येत नाही, दहा वर्षांत हळूहळू येतं. आलेली तरी उडताहेत का? इंजिनातल्या दोषापायी इंडिगोची डझनावारी विमानं जमिनीवर होती. त्याच इंजिनांच्या नावाने बोटं मोडत गो फर्स्ट मे २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली. २०२० मध्ये २५ मार्च ते २५ मे देशातली प्रवासी विमानसेवा ठप्प. प्रत्येक वेळी शेकडो अनुभवी वैमानिक रस्त्यावर आले आणि तुमच्या पुढे रांगेत उभे राहिले. आणि तुम्ही किती? २०२३ या एका वर्षात डीजीसीएने १,६२२ सीपीएल, म्हणजे तुझ्यासारखे व्यावसायिक परवाने, दिले. वर कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजना, कोटभर भरून आधीच निवडलेली मुलं. त्यांच्यानंतर तुमचा नंबर.

भाची : खरंय. पण २०१९ ला ज्यांना ‘आता संपलं’ म्हणून सांगितलं, त्यातल्या टिकून राहिलेल्यांना २०२२-२३ मध्ये घाऊक घेतलं. हा धंदाच असा आहे. दोन वर्षं कोरडी, मग एकदम पूर. पूर आला तेव्हा ज्यांचं मेडिकल आणि रेटिंग चालू होतं ते गेले. बँकेच्या परीक्षेला लागलेले काठावर राहिले.

मामा : आणि पूर यायच्या आधीच हप्ते सुरू झाले तर?

भाची : म्हणून तर इन्स्ट्रक्टर व्हायचा विचार चाललाय.

मामाचा चेहरा उजळला. हीच गोष्ट तो महिनाभर सुचवत होता आणि ती धुडकावत होती. आता ती स्वतः म्हणाली म्हटल्यावर मामाने घाईने मुद्दा पकडला.

मामा : अगदी बरोबर! अमेरिकेत सगळे तेच करतात ना? १,५०० तास झाल्याशिवाय तिथे एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये घेत नाहीत.

भाची : तो नियम २००९ च्या बफेलोजवळच्या अपघातानंतर आला. गंमत म्हणजे त्या विमानातल्या दोघा वैमानिकांचेही तास १,५०० च्या वर होते. पण नियम आला, आणि तिथल्या प्रत्येक नव्या वैमानिकाला मधली काही वर्षं मुलांना शिकवण्याची वाट मिळाली. आपल्याकडे तशी वाट नाही. इथे २०० तासांवाला थेट एअरबसच्या उजव्या सीटवर बसू शकतो, त्यामुळे इन्स्ट्रक्टरकी म्हणजे ‘याला नोकरी मिळाली नाही वाटतं’ असं समजतात. सेसनावरच्या तासांना भरतीत फारसा भाव नाही. वर बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार. भरती निघाली आणि बाँडमध्ये अडकले असले तर?

मामा : पण हात चालू राहील. पगार येईल, थोडा का असेना. मल्टी-इंजिनचा खर्च वाचेल कदाचित.

भाची : मल्टी-इंजिन नवशिक्या असिस्टंट इन्स्ट्रक्टरच्या हाती कुणी देत नाही, मामा.

मामा : नसू दे. इंधनाच्या कपातला तो थेंब कुणीतरी दाखवला म्हणून तुला दिसला. तू आणखी कुणाला दाखव.

भाची : ते मला आवडेलही. पण पंचवीस जणांना शिकवून एअरलाइनमध्ये पाठवायचं आणि आपण त्याच धावपट्टीवर, हे किती वर्षं?

याला मामाकडे उत्तर नव्हतं. त्याने जे. आर. डी. टाटांचा दाखला काढला. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना देशातला पहिला परवाना मिळाला, क्रमांक १, वगैरे. भाची म्हणाली, त्यांना कुठे नोकरी शोधावी लागली? १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते स्वतःच्याच कंपनीचं विमान घेऊन. मामाने तो दाखला मागे घेतला.

मला विचाराल तर भाचीने उडणं सोडू नये. तिच्यावर खर्च होऊन गेलाय तो तिच्या हातात आणि डोक्यात उतरलेला आहे, मी तो तिच्या बोलण्यात ऐकला. इन्स्ट्रक्टरकी कमीपणाची मानण्याचं तर काहीच कारण नाही. देशातल्या फ्लाइंग स्कूलांत मुलांचे तास रखडतात त्याला चांगल्या इन्स्ट्रक्टरांची वानवा हे एक मोठं कारण आहे, आणि अमरावतीजवळ बेलोऱ्याला एअर इंडिया वर्षाला १८० वैमानिक घडवायला निघाली आहे, तिथेही शिकवणारे आभाळातून पडणार नाहीत. माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. वैमानिक घडवायचा खर्च, कोर्स रखडल्याचा खर्च, नोकरीची वाट बघण्याचा खर्च आणि वर टाइप रेटिंगचा खर्च, हे चारही खर्च एका मध्यमवर्गीय घराने उचलायचे. विमानं विकत घेणाऱ्या कंपनीने तयार माणूस तेवढा निवडून घ्यायचा. ही व्यवस्था कंपन्यांना परवडते म्हणून चालते. विश्रांतीचे नियम कधी लागू होणार हे त्यांना खूप आधीपासून माहीत होतं. तेव्हाच नवी मुलं घेऊन शिकवायला सुरुवात केली असती तर त्या आठवड्यात विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले नसते.

भाचीने असिस्टंट इन्स्ट्रक्टरच्या रेटिंगची तयारी सुरू केली आहे. टाइप रेटिंग भरतीचं पत्र हातात आल्यावरच, असं दोघांत ठरलं. पत्र आलं तर पैसे मामा त्याच्या मुदतठेवीतून देणार आहे. त्या पैशांवर व्याज लावणार की नाही यावर अजून एकमत नाही.

ज्यांची मुलं यंदा बारावी करून या वाटेला निघाली आहेत, त्यांना एक विनंती. बजेट लिहिताना सीपीएलच्या आकड्याखाली आणखी दोन ओळी लिहा : टाइप रेटिंग, आणि बिनपगाराची दोन वर्षं. बेरीज झेपत नसेल तर घर तारण ठेवू नका. झेपत असेल तर फ्लाइंग स्कूलच्या एसी ऑफिसातून उठून हँगरकडे चालत जा, आज उडण्याच्या अवस्थेत किती विमानं आहेत ती स्वतः मोजा, आणि १५० तासांच्या पुढे गेलेला एखादा विद्यार्थी गाठून त्याला विचारा : बाबा रे, गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले? पहिल्या हप्त्याचा चेक त्यानंतर लिहा.